«मी मोझिला आहे»: तीन दशके टिकलेल्या एका खोट्या बिरुदाचा इतिहास

१/
#धागा #इतिहास #साधनचिकित्सा

पुढील ओळ काळजीपूर्वक वाचा. मूळ ओळ रोमन लिपीत असते. येथे ती देवनागरीत दिली आहे.

«मोझिला/५.० (विंडोज एनटी १०.०, विन६४, एक्स६४) अ‍ॅपलवेबकिट/५३७.३६ (केएचटीएमएल, लाइक गेको) क्रोम/१२०.०.०.० सफारी/५३७.३६ ईडीजी/१२०.०.०.०»

विंडोज ११ असलेल्या संगणकावर मायक्रोसॉफ्टचा एज हा ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळाला आपला परिचय असा देतो. मोझिला, अ‍ॅपलवेबकिट, केएचटीएमएल, गेको, क्रोम, सफारी ही सहाही नावे दुसऱ्यांची आहेत. स्वतःचे नाव अगदी शेवटी, तेही एक अक्षर गाळून. विंडोजचा क्रमांकसुद्धा ११ दिसत नाही.

एका ओळीत इतके असत्य का साठले? आणि त्यातून सत्य कसे काढायचे?

२/
प्रथम या ओळीचे प्रयोजन पाहू. आपण एखादे पान उघडतो तेव्हा ब्राउझर सर्व्हरकडे विनंती पाठवतो, आणि त्या विनंतीसोबत «मी कोण» हे सांगणारी एक ओळ जाते. तिला «युजर एजंट» म्हणतात.

मे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.० च्या दस्तऐवजात, म्हणजे आरएफसी १९४५ मध्ये, या ओळीचे तीन उपयोग सांगितले आहेत: आकडेवारी गोळा करणे, नियमभंग कोणाकडून होतो ते शोधणे, आणि एखाद्या ब्राउझरच्या मर्यादा ओळखून त्याला झेपेल असे उत्तर देणे. ओळीतील नावे महत्त्वाच्या क्रमाने लिहावीत, हा संकेतही तेथेच नोंदवला आहे. जे नाव ओळखीसाठी सर्वांत महत्त्वाचे, ते प्रथम.

आज नेमके पहिले नाव सर्वांत निरर्थक आहे. हा उलटफेर कसा झाला, तोच या धाग्याचा विषय.

३/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे कोडे परके वाटू नये. ताम्रपट असो, बखर असो वा वतनाची सनद, साधन हाती आले की आपण विचारतो: हे कोणी लिहिले, कोणासमोर ठेवण्यासाठी लिहिले, आणि त्यातून लिहिणाऱ्याला काय मिळणार होते?

युजर एजंटची ओळ हेही दाराशी दाखवण्याचे एक पत्र आहे. ते पाहून दारवान आत सोडतो किंवा परत पाठवतो. अशा पत्रात लिहिणाऱ्याचे चित्र जितके उमटते, त्याहून अधिक दारवानाच्या अपेक्षांचे उमटते. हे सूत्र ध्यानात ठेवून आता मागे जाऊ.

४/
१९९३. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात एनसीएसए या संगणन केंद्रात मार्क अँड्रीसन आणि एरिक बिना यांनी «मोझेक» हा ब्राउझर घडवला. मजकूर आणि चित्रे एकाच पानावर दाखवणारा आणि सामान्य माणसाला सहज वापरता येणारा म्हणून तो झपाट्याने पसरला.

त्याची ओळ साधी होती: आपले नाव, आवृत्ती, आणि कोणत्या यंत्रणेवर चालतो ते. ती वाचायला कसलीही चिकित्सा लागत नव्हती. खोटे बोलण्यात लाभच नसेल, तर साधन सहसा खरे बोलते.

५/
१९९४ मध्ये अँड्रीसन यांनी जिम क्लार्क यांच्यासह नवी कंपनी काढली. वर्षअखेरीस तिचे नाव नेटस्केप झाले आणि डिसेंबरमध्ये नेटस्केप नॅव्हिगेटरची पहिली आवृत्ती आली. तिचे घरातले नाव होते «मोझिला». मोझेक आणि गॉडझिला या दोन शब्दांचा तो जोड, म्हणजे मोझेकला गिळून टाकणारा राक्षस.

बाजारात नाव नेटस्केप ठरले, पण सर्व्हरला दिल्या जाणाऱ्या ओळीत «मोझिला» तसेच राहिले. पुढची तीस वर्षे जगातील बहुतेक ब्राउझर जे नाव मिरवणार होते, ते मुळात एका कंपनीने प्रतिस्पर्ध्याला उद्देशून केलेली थट्टा होती.

६/
नेटस्केप नवनव्या सोयी आणत होते. पान अनेक चौकटींत विभागणारी «फ्रेम्स»ची सोय आणि जावास्क्रिप्ट या दोन्ही गोष्टी १९९६ च्या नेटस्केप २.० सोबत लोकांपर्यंत पोहोचल्या. इतर ब्राउझरांना हे सारे जमत नव्हते.

मग संकेतस्थळ चालवणाऱ्यांनी एक सोपी युक्ती योजली. ओळीत «मोझिला» दिसले की सजवलेले पान द्यायचे, न दिसले तर साधे.

हेतू वाईट नव्हता. ज्याला झेपत नाही त्याला ओझे देऊ नये, इतकाच विचार होता. पण त्याच क्षणी «मोझिला» या शब्दाचा अर्थ बदलला. कालपर्यंत ते नाव होते. आता तो प्रवेशाचा परवाना झाला.

७/
१९९५ मध्ये मायक्रोसॉफ्ट इंटरनेट एक्सप्लोरर घेऊन मैदानात उतरली. नेटस्केपच्या बऱ्याच सोयी त्याला जमू लागल्या, तरी दारवान फक्त «मोझिला» हाच शब्द ओळखत होता. तेव्हा एक्सप्लोरर २.० ने स्वतःची ओळ अशी लिहिली:

«मोझिला/१.२२ (कम्पॅटिबल, एमएसआयई २.०, विंडोज ९५)»

प्रथम उसने नाव. मग कंसात, काहीशा संकोचाने, «सुसंगत» असा खुलासा आणि त्यामागे खरे नाव. फ्रेम्स दाखवू शकणारा एक्सप्लोरर ३.० १९९६ मध्ये आला, तेव्हा त्याच ओळीत «मोझिला/२.०» असे लिहिलेले होते. उसन्या नावापुढचा क्रमांकही उसनाच होता, पण तो निरर्थक नव्हता. नेटस्केपच्या कोणत्या आवृत्तीशी आपण बरोबरी सांगतो, ते त्यातून कळत होते.

८/
येथे महाराष्ट्राच्या शिलालेखांचा विद्यार्थी थबकेल. उत्तर कोकणचे आणि कोल्हापूरचे शिलाहार आपल्या लेखांत «तगरपुरवराधीश्वर» हे बिरुद लावतात. तगर म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातील तेर. त्यांचे राज्य तर कोकणात आणि कोल्हापुरात होते! देवगिरीचे यादवही «द्वारावतीपुरवराधीश्वर» म्हणवीत, पण म्हणून त्यांची राजधानी कोणी द्वारकेत शोधत नाही.

असे बिरुद राज्याचा पत्ता सांगत नाही. कोणत्या प्रतिष्ठेच्या परंपरेशी आपले नाते मानले जावे, ते सांगते. «मोझिला» हे याच जातीचे बिरुद आहे. ते वाचून ब्राउझर ठरवणे म्हणजे बिरुद वाचून राजधानी ठरवणे.

९/
दैवाचा फेरा पाहा. ज्याचे नाव सगळे लावत होते, ते नेटस्केपच एक्सप्लोररपुढे खचले. ३१ मार्च १९९८ रोजी त्याने आपल्या ब्राउझरची मूळ संहिता सर्वांसाठी खुली केली. त्या प्रकल्पाचे नाव ठेवले मोझिला, आणि त्यातून पाने रेखाटणारे नवे इंजिन तयार झाले: गेको.

२००० च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या नेटस्केप ६ ची ओळ «मोझिला/५.०» ने सुरू होत होती आणि पुढे «गेको» हा शब्द व एक तारीख होती. पुढे फायरफॉक्सही याच घराण्यात जन्मला. आता दारवानांनी नवा शब्द पाठ केला. गेको दिसले की चांगले पान द्या.

नवा परवाना आला. आता त्याच्याही नकला होणे ओघाने आलेच.

१०/
त्या काळच्या ओळींत एक एकटे अक्षर आढळते: «यू». अनेकांना ते निरर्थक वाटते. वास्तविक ते अमेरिकेच्या निर्यातविषयक कायद्याचे जीवाश्म आहे.

एके काळी कडेकोट संकेतलेखन असलेली सॉफ्टवेअर देशाबाहेर पाठवण्यावर अमेरिकेचे निर्बंध होते. म्हणून ब्राउझरच्या निरनिराळ्या आवृत्त्या निघत. «यू» म्हणजे अमेरिकेतील मजबूत आवृत्ती, «आय» म्हणजे परदेशांसाठीची दुबळी, «एन» म्हणजे संरक्षणच नसलेली. २००० च्या आरंभी हे निर्बंध बरेच सैल झाले आणि भेद संपला. तरीही फायरफॉक्सच्या ओळीतून «यू» गेले ते २०११ मध्ये, चौथ्या आवृत्तीत.

कारण संपल्यावरही त्याची खूण अकरा वर्षे टिकली.

११/
नकलांची पुढची पायरी युरोपातून आली. लिनक्सवरील केडीई या मुक्त प्रकल्पाने कॉन्करर हा ब्राउझर केला. त्याचे इंजिन होते केएचटीएमएल. ते गेकोच्या तोडीचे होते, पण दारवानाला ठाऊक नव्हते. म्हणून त्याच्या ओळीत शब्द आले: «केएचटीएमएल, लाइक गेको». म्हणजे केएचटीएमएल, गेकोसारखे.

जानेवारी २००३ मध्ये अ‍ॅपलने सफारी जाहीर केला. त्याचे वेबकिट हे इंजिन केएचटीएमएलवरून घडवलेले होते. अ‍ॅपलने कंसातला तो मजकूर जसाच्या तसा ठेवला आणि आपली नावे मागेपुढे जोडली.

२ सप्टेंबर २००८ रोजी गूगलचा क्रोम आला. त्याचे इंजिन वेबकिट, म्हणून त्याने सफारीची सगळी ओळ उचलली आणि मध्ये «क्रोम» हा शब्द बसवला.

१२/
आता पहिल्या परिच्छेदातील ओळ पुरातत्त्वाच्या खड्ड्यासारखी वाचता येते. तळाशी १९९४ चा मोझिला. त्यावर २००० चा गेको, मग त्याची नक्कल करणारे केएचटीएमएल, मग २००३ चे वेबकिट आणि सफारी, मग २००८ चा क्रोम. सर्वांत वरचा थर एज.

येथे एक सूक्ष्म भेद करावा लागतो. यांतील काही नावे वंशावळ सांगतात, काही केवळ बतावणी करतात. क्रोमच्या ओळीतील वेबकिट हा खरा पूर्वज आहे. २०१३ मध्ये गूगलने त्यापासून फारकत घेऊन ब्लिंक हे इंजिन निराळे केले, तरी ओळीत ५३७.३६ हा जुना क्रमांक राहिला. गेको मात्र पूर्वज नव्हेच. त्याच्याशी नाते फक्त «सारखे» या शब्दापुरते.

१३/
या कथेतील सर्वांत बोलके प्रकरण नॉर्वेच्या ऑपेराचे आहे. लहान कंपनी, नियमांना धरून चालणारा ब्राउझर, आणि तरीही दारोदारी नकार. म्हणून ऑपेराने वापरणाऱ्यालाच पर्याय दिला: कोणाच्या नावाने जायचे ते तुम्ही निवडा. अनेक वर्षे तर तो न सांगताच इंटरनेट एक्सप्लोरर म्हणून वावरत असे आणि ओळीच्या शेवटी हळूच स्वतःचे नाव जोडत असे.

परिणाम काय? ज्या आकडेवारीसाठी ही ओळ जन्मली, त्याच आकडेवारीत ऑपेराचे अनेक वापरकर्ते एक्सप्लोररच्या खात्यावर जमा झाले. वापरकर्ते थोडे दिसतात म्हणून संकेतस्थळे ऑपेराकडे दुर्लक्ष करणार, आणि दुर्लक्ष होते म्हणून ऑपेरा नाव लपवणार.

१४/
फेब्रुवारी २००३ मध्ये ऑपेराने मायक्रोसॉफ्टच्या एमएसएन या संकेतस्थळावर जाहीर आरोप केला. ओळीत «ऑपेरा» दिसताच ते संकेतस्थळ वेगळी मांडणीपत्रिका पाठवते, आणि तिच्यातील एका सूचनेमुळे मजकूर ३० पिक्सेल डावीकडे सरकून पान मोडलेले दिसते, असा तो आरोप होता.

पडताळणी मोठी गमतीची होती. ब्राउझर तोच ठेवून ओळीतील «ऑपेरा»चे «ओप्रा» केले, आणि ती सदोष पत्रिका येणे थांबले! एक घटक बदला, बाकी सारे स्थिर ठेवा. कारण सिद्ध करण्याची ही नमुनेदार पद्धत आहे.

उत्तर म्हणून ऑपेराने एक खास आवृत्ती काढली. तिच्यात एमएसएनचे पान उघडले की सगळा मजकूर मपेट्समधील स्वीडिश आचाऱ्याच्या बडबडीत दिसे.

१५/
२००९ मध्ये ऑपेराची दहावी आवृत्ती आली आणि वेगळेच संकट उभे राहिले. अनेक संकेतस्थळांच्या प्रोग्रॅमांनी आवृत्तीचा एकच अंक वाचायचा, अशी सोय करून ठेवली होती. त्यांना १० मधला १ तेवढा दिसला. सर्वांत नवा ब्राउझर «फार जुना» म्हणून परत पाठवला जाऊ लागला.

उपाय पाहा: ऑपेराने ओळीत «ऑपेरा/९.८०» हा आकडा कायमचा गोठवला आणि शेवटी «व्हर्शन/१०.००» असे खरे उत्तर जोडले. ९.८० नावाची आवृत्ती कधी निघालीच नव्हती. वाचणाऱ्याच्या आळसातून एक काल्पनिक आवृत्ती जन्माला आली.

१६/
असे गोठलेले आकडे आजही आहेत.

मॅकची यंत्रणा २०२० मध्ये ११ व्या आवृत्तीवर गेली, पण सफारी आणि क्रोम त्या ओळीत १०.१५.७ च सांगत राहिले. कारण «१०» अशी सुरुवात गृहीत धरणारी संकेतस्थळे अडखळत होती. विंडोज ११ ची ओळ अजून «एनटी १०.०» म्हणते. संगणकावरील फायरफॉक्समधील «गेको/२०१००१०१» ही तारीख दिसते, पण तारीख नाही.

आणि सर्वांत विलक्षण गोष्ट: इंटरनेट एक्सप्लोरर ११ च्या ओळीत «आरव्ही:११.०» असे होते. पुढे फायरफॉक्स ११० वर पोहोचला तेव्हा काही संकेतस्थळे «आरव्ही:११» एवढेच वाचून त्याला एक्सप्लोरर समजू लागली. म्हणून ११० ते ११९ या आवृत्त्यांत फायरफॉक्सने तो आकडा १०९.० वर रोखून धरला.

१७/
आता मुख्य प्रश्न. इतक्या गुंत्यातून ब्राउझर अचूक ओळखायचा कसा? अनुभवी प्रोग्रॅमर जे नियम पाळतात, ते आपल्या साधनचिकित्सेहून निराळे नाहीत.

पहिला नियम: सर्वांत वरच्या थरापासून खाली या. जे नाव दुसऱ्या कोणी उसने घेण्याची शक्यता कमी, ते आधी तपासा. «ईडीजी» असेल तर एज. «ओपीआर» असेल तर नवा ऑपेरा. «सॅमसंगब्राउझर» असेल तर तो. यांपैकी काही नसेल आणि «क्रोम» असेल, तरच क्रोम. तेही नसेल आणि «सफारी» असेल, तर सफारी. हा क्रम उलटा केला तर जगातील बहुतेक ब्राउझर सफारी ठरतील, आणि त्याहून एक पायरी मागे गेलात तर सगळेच मोझिला.

१८/
«ईडीजी» आणि «ओपीआर» ही अपुरी नावे का, त्याचेही उत्तर येथेच आहे.

२०१३ मध्ये ऑपेराने स्वतःचे इंजिन सोडून क्रोमचा पाया स्वीकारला. ओळीत «ऑपेरा» लिहिले असते तर संकेतस्थळांनी जुन्या इंजिनासाठी ठेवलेली पाने पाठवली असती. म्हणून नाव तोडून तीन अक्षरे. २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टनेही एजसाठी क्रोमचाच पाया घेतला आणि त्याच कारणाने नावातले शेवटचे इंग्रजी अक्षर गाळले.

स्वतःच्या जुन्या नावापासूनही लपावे लागते, अशी ही अवस्था.

१९/
दुसरा नियम: आकडा कोणत्या नावापुढचा, ते पाहा. सफारीची आवृत्ती «सफारी/» पुढे नसते. तेथे इंजिनाचा क्रमांक असतो. खरी आवृत्ती «व्हर्शन/» पुढे मिळते.

तिसरा नियम: अंतर्गत विसंगती शोधा. इंटरनेट एक्सप्लोरर ८ जुन्या संकेतस्थळांसाठी «सुसंगत दृश्य» वापरी, तेव्हा ओळीत «एमएसआयई ७.०» लिही. पण त्याच ओळीत «ट्रायडंट/४.०» हा इंजिनाचा उल्लेख राही, आणि तो आठव्या आवृत्तीचा होता. हेतुपुरस्सर केलेल्या दाव्यापेक्षा नकळत राहिलेला तपशील अधिक विश्वासार्ह. बनावट कागद शाईवरून नव्हे, तर चुकलेल्या वार-तिथीवरून पकडला जातो, तसेच हे.

२०/
चौथा नियम: बाह्य पुरावा घ्या. गूगलसाठी पाने वाचत फिरणारा गूगलबॉटही आपली ओळ «मोझिला/५.०»नेच सुरू करतो. तीच ओळ कोणीही भामटा लिहू शकतो. म्हणून नावावर न विसंबता, विनंती ज्या पत्त्यावरून आली त्याचे नाव डीएनएसमध्ये उलट शोधायचे, ते गूगलचे निघाले तर त्या नावावरून पुन्हा पत्ता काढायचा, आणि दोन्ही जुळले तरच विश्वास ठेवायचा.

येथे ओळीचा शब्दही न वाचता निर्णय होतो. एका साधनाचा दावा दुसऱ्या स्वतंत्र साधनाने तपासणे याहून वेगळे ते काय!

२१/
पाचवा नियम: काही वेळा उत्तर ओळीत नसतेच, हे मान्य करा.

भारतात २०१७ मध्ये आलेल्या जिओफोनचे उदाहरण घ्या. तो चाले काय-ओएस या यंत्रणेवर. तरी त्याच्या ओळीत मोझिला, अँड्रॉइड, गेको आणि फायरफॉक्स ही सारी नावे येत, आणि «काय-ओएस» शेवटी. फक्त «अँड्रॉइड» शोधणारा प्रोग्रॅम त्या साध्या बटणांच्या फोनला स्मार्टफोन समजणार.

उलट, २०१९ पासून आयपॅडवरील सफारी स्वतःला मॅक संगणक म्हणवतो. ओळीत आयपॅड हा शब्दच नसतो. जे लिहिलेलेच नाही, ते कितीही बारकाईने वाचले तरी सापडणार नाही.

२२/
हा सारा खटाटोप गमतीचा वाटेल, पण याची किंमत कोणीतरी मोजली आहे. बँकेचे वा सरकारी अर्जाचे पान «तुमचा ब्राउझर चालणार नाही» असे सांगते, तेव्हा बहुधा ब्राउझरची क्षमता कोणी तपासलेली नसते. फक्त नाव वाचलेले असते. नवा, लहान, पर्यायी ब्राउझर वापरणारा माणूस दाराबाहेर राहतो आणि दोष त्याच्या निवडीला लागतो.

ऑपेराचे एक संस्थापक योन फॉन टेट्झनर यांनी पुढे विवाल्डी हा ब्राउझर काढला. डिसेंबर २०१९ मध्ये विवाल्डीने ओळीतून आपले नाव काढून टाकले आणि क्रोमची ओळ स्वीकारली. कारण तेच. नाव सांगितले की संकेतस्थळे अडवीत, न सांगितले की सगळे सुरळीत चाले. त्या दिवसापासून केवळ ओळीवरून विवाल्डी मोजणे अशक्य झाले.

२३/
दुसरी किंमत खासगीपणाची. आवृत्तीचे चार-चार आकडे, यंत्रणा, फोनचे मॉडेल असा तपशील साठत गेला आणि ती ओळ माणसाच्या बोटाच्या ठशासारखी होऊ लागली. ईएफएफ या संस्थेच्या पीटर एकर्सली यांनी २०१० मध्ये मांडलेल्या अभ्यासात युजर एजंटमधून सरासरी १० बिट इतकी ओळखीची माहिती मिळते असे दिसले. सोप्या भाषेत, तीच ओळ असणारा ब्राउझर साधारण हजारात एक.

गंमत पाहा: ब्राउझर कोणता, याबाबत ही ओळ गोंधळात टाकते, पण माणूस कोणता, हे सांगायला मदत करते.

२४/
म्हणून २०२० मध्ये गूगलने ही ओळ आखडती घेण्याची घोषणा केली. २०२२ पासून क्रोमच्या आवृत्तीचे पुढचे आकडे शून्य झाले. २०२३ मध्ये अँड्रॉइडवरील क्रोम कोणत्याही फोनसाठी «अँड्रॉइड १०, के» असे एकच उत्तर देऊ लागला.

तिच्या जागी «क्लायंट हिंट्स» ही नवी पद्धत आणली. थोडी माहिती आपोआप मिळते, अधिक हवी असेल तर सर्व्हरने ती मागायची. फायरफॉक्स आणि सफारी यांनी ती स्वीकारलेली नाही. तिच्यात एक मार्मिक योजना आहे: नावांच्या यादीत मुद्दाम एक निरर्थक, बदलते नाव घातलेले असते, जेणेकरून कोणी ठरावीक नाव पाठ करून दार बांधू नये. मागच्या तीस वर्षांच्या अनुभवातून शिकलेला हा धडा आहे.

२५/
याला समांतर असे उदाहरण आपल्या इतिहासातही आहे. १९०१ च्या जनगणनेत आयुक्त एच. एच. रिस्ले यांनी जातींची नोंद सामाजिक दर्जाच्या क्रमाने लावण्याचे ठरवले. त्यावर देशभरातून निवेदनांचा पूर आला: आम्हाला अमुक नावाने नोंदवा, तमुक वर्णात धरा.

नोंदीवर दर्जा अवलंबून आहे असे कळताच लोकांनी सांगायची नावे बदलली. मोजणाऱ्याला वाटत होते की आपण जे आहे ते टिपतो आहोत. प्रत्यक्षात त्याचे मोजणेच टिपल्या जाणाऱ्या वस्तूला घडवीत होते.

माणसे आणि यंत्रे यांची बरोबरी येथे अभिप्रेत नाही. माणसांच्या बाबतीत त्यामागे अपमानाचा आणि संधीचा प्रश्न होता. पण साधन कसे बदलते, त्याची रीत दोन्हीकडे एकच.

२६/
शेवटी असत्याचा कायदा कसा होतो, तेही पाहून घ्या. पानावरील जावास्क्रिप्ट ब्राउझरला त्याचे नाव विचारू शकते. आजच्या एचटीएमएल मानकानुसार त्या प्रश्नाचे उत्तर ठरलेले आहे: «नेटस्केप». क्रोम असो वा सफारी, सर्वांनी हेच सांगायचे. संकेतनाव विचारले तर «मोझिला», उत्पादन विचारले तर «गेको». खरे उत्तर दिले तर जुनी पाने मोडतील, म्हणून खोटे उत्तर बंधनकारक.

दुसरीकडे, २०१४ चे आरएफसी ७२३१ म्हणते की सुसंगती दाखवण्यासाठी दुसऱ्याचे नाव वापरू नये, कारण त्याने या ओळीचा उद्देशच हरपतो. उपदेश रास्त आहे. पण तो आला तेव्हा पहिल्या नकलेला जवळजवळ वीस वर्षे झाली होती.

२७/
मग मार्ग कोणता? जाणकार आज सांगतात की नाव विचारू नका, काम विचारा. अमुक सोय या ब्राउझरला जमते का, हे थेट करून पाहावे. जमली तर वापरावी, नाही तर साधी वाट द्यावी. ओळ वाचायची ती आकडेवारीसाठी, किंवा एखाद्या ठरावीक आवृत्तीतील ज्ञात दोष टाळण्यासाठी. तेही चिकित्सेने, आणि चूक होऊ शकते हे गृहीत धरून.

दारवानाने नावाऐवजी क्षमता पाहिली असती, तर मोझिला हे एका ब्राउझरचे नाव राहिले असते.

२८/
या ओळीचा इतिहास म्हणजे नुसती लबाडीची कथा नव्हे. पहिला ब्राउझर खोटे बोलला, कारण खरे बोलणाऱ्याला दुय्यम पान मिळत होते. दुसऱ्याने पहिल्याची नक्कल केली, तिसऱ्याने दुसऱ्याची. वाचणारे जितके चाणाक्ष झाले, तितकी ओळ लांबत गेली. साधनाला येथे त्याच्या वाचकांनीच बिघडवले आहे.

म्हणून एखादा कागद आपल्यासमोर खोटे बोलताना सापडला, तर त्याला खोटा म्हणून बाजूला टाकू नये. तो कोणत्या दारापाशी उभा होता आणि तेथे खरे बोलणाऱ्यांचे काय होत होते, ते शोधावे. बहुधा खरा इतिहास तेथेच मिळतो.

२९/
तुमच्या वाचनात असे एखादे साधन आले आहे का, ज्यातील दावा खोटा पण त्यामागचे कारण मोलाचे? ताम्रपट, सनद, वंशावळ, शाळेचा दाखला, काहीही चालेल. खाली जरूर लिहा. धागा उपयुक्त वाटला तर इतिहासवेड्या मित्रांपर्यंत पोहोचवा.

।। धागा समाप्त ।।